फोटो ढगात, किल्ली कोणाकडे?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतलं पुराचं पाणी ओसरल्यावर आम्ही मावशीकडे गेलो, तेव्हा तिने गच्चीवर फोटोंचे अल्बम वाळत घातले होते. पापड घालावेत तसे, जुन्या साडीवर ओळीने. पान उलगडायला गेलं की समोरासमोरचे फोटो एकमेकांना चिकटून यायचे, आणि सोडवायला जावं तर रंगाचा थरच निघून यायचा. मावशीच्या लग्नातला आजोबांचा एकुलता एक फोटो असाच गेला. फेट्याचं टोक आणि एक खांदा, एवढंच उरलं. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की आपल्या घरातलं जे काही आहे ते सगळं स्कॅन करायचं आणि क्लाउडवर चढवून ठेवायचं.

दोन वर्षांनी उलटं घडलं. आईच्या फोनवर ‘जागा संपली’ असा निरोप सारखा यायला लागला. तिचा विचार सरळ होता: फोटो वर चढलेले आहेतच, मग फोनमधले काढून टाकू. एका दुपारी चष्मा लावून बसली आणि फोटोंच्या ॲपमधून चार वर्षांचे फोटो एकेक निवडून पुसले. फोनमधून गेले आणि वरूनही गेले. आम्हाला कळायला अडीच महिने लागले. तोवर ॲपमधली कचरापेटीही रिकामी झाली होती.

म्हणून ‘आपल्या फाइली क्लाउडवर ठेवाव्यात का, भरवसा ठेवावा का?’ असं कोणी विचारलं की मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. भरवसा कशाचा, ते आधी ठरवावं लागतं. फाइल हरवणार नाही याचा? ती दुसरं कोणी बघणार नाही याचा? की उद्या आपल्याला ती उघडता येईल याचा? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. लोक घाबरतात पहिल्या दोन गोष्टींना. मला सगळ्यात जास्त धास्ती तिसरीची वाटते.

आधी ढग म्हणजे काय ते. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात फारशा खिडक्या नसलेल्या भल्यामोठ्या इमारती दिसतात. आत थंड हवेत कपाटांच्या रांगा, आणि प्रत्येक कपाटात डिस्का. ‘क्लाउड’ म्हणजे अशी इमारत, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा कॉम्प्युटर. तुमचे फोटो याच इमारतीत असतील असं नाही. ते सिंगापूरला असतील, फिनलंडला असतील, किंवा दोन्हीकडे थोडे थोडे. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालून येणाऱ्या केबलींमधून ते ये-जा करत असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

पहिला प्रश्न, फाइल हरवण्याचा. इथे मोठ्या कंपन्यांचं काम खरोखर कौतुकाचं आहे, ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. डिस्क मरणारच हे धरूनच त्यांनी सगळी रचना केलेली असते. फाइलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या जादा प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर, शक्यतो वेगवेगळ्या इमारतींमध्ये ठेवायच्या, आणि एक डिस्क गेली की उरलेल्या तुकड्यांवरून तो भाग पुन्हा तयार करायचा. ॲमेझॉनची एस-३ नावाची साठवण सेवा २००६ पासून आहे. कंपनी तिचा हिशेब असा सांगते: १ कोटी फाइली ठेवल्या, तर सरासरी १०,००० वर्षांत एखादी हरवेल. हा दावा कंपन्यांसाठीच्या सेवेबद्दल आहे, तरी आपल्या घरच्या ड्रॉवरमधल्या पेन ड्राइव्हशी तुलना करून बघा. तो पेन ड्राइव्ह चावीच्या जुडग्याला लटकतो, पँटच्या खिशातून वॉशिंग मशिनमध्ये जातो. डिस्क सांभाळण्यात आपण त्यांची बरोबरी करू शकत नाही.

अर्थात, प्रती खरोखर वेगवेगळ्या जागी असतील तरच हे सगळं खरं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक आख्खी इमारत जळाली. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं मूळही गेलं आणि नक्कलही गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांनी पेट घेतला. सरकारी कर्मचारी आपल्या कामाच्या फाइली जिथे ठेवत तो सरकारचा स्वतःचा क्लाउड, ‘जी-ड्राइव्ह’, त्यात नष्ट झाला, ८५८ टेराबाइट. त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. एका श्रीमंत, तंत्रज्ञानात पुढारलेल्या देशाच्या सरकारी दप्तराची ही गत झाली, कारण सगळं एकाच छपराखाली होतं. मावशीचे अल्बमही एकाच कपाटात होते.

दुसरा प्रश्न: आपलं कोणी वाचतं का?

हे समजायला बँकेचं लॉकर डोळ्यांसमोर आणा. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक तुमची. बँकेला एकटीला उघडता येत नाही, तुम्हालाही येत नाही. क्लाउडबद्दल बहुतेकांच्या मनात हेच चित्र असतं: फाइल कुलूपबंद आहे, पासवर्ड माझ्याकडे आहे, म्हणजे मी सुरक्षित. पण गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांच्या नेहमीच्या खात्यात कुलूप भक्कम असलं तरी दोन्ही किल्ल्या कंपनीकडेच असतात. पासवर्ड ही तिजोरीची किल्ली नसून पहारेकऱ्याला दाखवायचं ओळखपत्र आहे. ते पटलं की तो त्याच्याकडच्या किल्लीने उघडून देतो. म्हणून तर पासवर्ड विसरलात तरी फाइली परत मिळतात.

हीच सोय दुसऱ्या बाजूनेही चालते. किल्ली कंपनीकडे आहे म्हणजे तिचं सॉफ्टवेअर तुमचे फोटो तपासू शकतं, आणि सरकारने कायदेशीर आदेश काढला तर कंपनीला उघडून द्यावं लागतं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे, तर अमेरिकन कंपन्यांना तिथल्या २०१८ च्या कायद्यानुसार दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवरचा डेटाही अमेरिकेतल्या आदेशाखाली द्यावा लागू शकतो. एखादा कर्मचारी बसून तुमच्या सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो बघतोय, असं मात्र नाही. असली भीती मनातून काढून टाका.

दोन्ही किल्ल्या आपल्याच हातात ठेवायची सोयही आहे. तिला टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप म्हणू. ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आणलं. ते चालू केलं तर आयक्लाउडमधले फोटो खुद्द ॲपललाही उघडता येत नाहीत. ब्रिटनच्या सरकारने आत शिरायची वाट मागितली, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथे नव्या ग्राहकांना ही सोय देणं थांबवलं. म्हणजे कुलूप खरंच भक्कम असणार. व्हॉट्सॲपवरचं बोलणं असं कुलूपबंद असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या बॅकअपसाठी हे कुलूप सेटिंगमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि क्रिप्टोमेटर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते फाइल आपल्या कॉम्प्युटरवरच कुलूपबंद करतं आणि मगच वर पाठवतं. मग क्लाउड कोणाचाही असो, त्याच्या हाती फक्त बंद पेटी पडते. किंमत एकच: किल्ली हरवली की संपलं. कोणत्याही हेल्पलाइनला फोन करून उपयोग नाही.

मात्र माहिती बाहेर फुटते तेव्हा सहसा तिजोरी फुटलेली नसते. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्समधून ६ कोटी ८० लाखांहून जास्त खात्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेले. त्यामागे एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचाच पासवर्ड इथेही वापरला होता हे कारण होतं, आणि चोरीचा आवाका जगाला कळला २०१६ मध्ये. २०१४ मध्ये हॉलिवूडच्या अभिनेत्रींचे खासगी फोटो पसरले, ते खोट्या ईमेलमधून त्यांचे पासवर्ड काढून घेऊन. आपल्याकडचा नेहमीचा प्रकार तर याहून साधा. मध्यंतरी माझ्या ओळखीच्या एका सोसायटीच्या फोल्डरची लिंक मला कोणीतरी पाणीपट्टीची पावती बघायला पाठवली. उघडून बघते तर सगळ्या भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती, करारनामे, फोन नंबर. ‘लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल’ ही एक खूण तशीच राहिली होती. चोरी करायला कोणी आलंच नव्हतं, दारच उघडं होतं. आपल्या शेअर केलेल्या फोल्डरांची यादी आज एकदा उघडून बघा.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

फाइल शाबूत आहे, कोणी वाचलेली नाही, आणि तरीही तुम्हाला ती मिळत नाही. असं कसं होतं?

आपल्याकडे प्रत्येक घरात एक फोटो असतो: तेल लावलेलं, उघडं बाळ, आणि पाय पसरून त्याला न्हाऊ घालणारी आजी. गुजरातमधल्या एका संगणक अभियंत्याने आपला असाच, वयाच्या दोन वर्षांचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवला. तपासणाऱ्या यंत्रणेला त्यात बालकाचं लैंगिक शोषण दिसलं आणि खातं बंद झालं. ईमेल बंद, त्यामुळे व्यवसायाचा पत्रव्यवहार बंद. दाद लागेना म्हणून तो गुजरात उच्च न्यायालयात गेला, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने गूगल आणि सरकारला नोटीस काढली. त्याआधी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका वडिलांनी आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना दाखवायला काढला होता. त्यांचंही खातं असंच गेलं. पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी कंपनीने खातं परत दिलं नाही.

मुलांच्या शोषणाची चित्रं शोधून काढलीच पाहिजेत, यात मला शंका नाही. तो भयंकर गुन्हा आहे. चूक होते ती पुढे. यंत्राचा निर्णय चुकला तर ‘अहो, ही माझी आजी आहे’ हे सांगायला समोर माणूस नसतो. एका खात्याला आपण ईमेल, फोटो, फोन नंबरांची यादी, बँकेचे निरोप, मुलांच्या शाळेचं लॉगिन असं सगळं बांधून टाकलेलं असतं, त्यामुळे एक दार बंद झालं की आख्खं घर बंद होतं.

कारण दरवेळी आपल्याशी संबंधित असेलच असंही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेल कंपनीवर निर्बंध लादले, आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले होते, भारतातल्या कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नव्हता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्यांना वकील उभा करता येतो. तुम्ही-आम्ही काय करणार?

आणि सगळ्यात जास्त वेळा जे घडतं त्यात न्यायालय नाही, निर्बंध नाहीत. फोन नंबर असतो. माझा मामेभाऊ न्यू जर्सीला गेला. इथल्या सिमला रिचार्ज करायचं राहून गेलं. प्रीपेड नंबर तीनेक महिने वापरला नाही की बंद होऊ शकतो, आणि पुढे काही महिन्यांनी तो दुसऱ्याला मिळतो. वर्षभराने त्याचा लॅपटॉप बिघडला, नव्या लॅपटॉपवरून खातं उघडायला गेला, तर ओटीपी गेला त्या जुन्या नंबरवर. तो नंबर आता लातूरच्या एका गृहस्थांकडे होता. भले गृहस्थ, ओटीपी सांगायला तयारही होते. पण नवा देश, नवं यंत्र, वरून तीनदा चुकलेला पासवर्ड, एवढं बघितल्यावर ‘हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही’ असं उत्तर येत राहिलं. त्यात त्याच्या मुंजीचे फोटो होते आणि वडिलांच्या आवाजातली चार रेकॉर्डिंगं. वडील आता नाहीत. ती रेकॉर्डिंगं कुठल्यातरी इमारतीत, तीन-तीन प्रतींमध्ये, उत्तम स्थितीत पडून असतील.

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, खात्याला जोडलेला नंबर आज तपासा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, पण ती फक्त सिमवर टांगू नका. बहुतेक सेवा एकदाच वापरता येणारे बॅकअप कोड देतात. ते कागदावर छापा आणि पासपोर्टबरोबर ठेवा. शिवाय नुसतं उघडून ठेवलेलं, कधीच न वापरलेलं खातंही टिकत नाही: दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून गूगल पुसून टाकू शकतं. बाळाच्या नावाने हौसेने उघडलेल्या, त्याला पत्रं लिहिलेल्या ईमेल खात्यात वर्षातून एकदा तरी डोकावून या.

अमर्याद जागेच्या आश्वासनांबद्दल फार लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये ऑफिस ३६५ च्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना अमर्याद जागा देऊ केली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली. गूगल फोटोजचा अमर्याद मोफत साठा १ जून २०२१ ला थांबला. आता ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मिळतात. ते भरले की नवे ईमेल येणंच बंद होतं, ही गोष्ट बऱ्याच जणांना वीजबिलाची मेल न आल्यावर कळते.

परत आईच्या फोटोंकडे येते. तिचं काय चुकलं? खरं तर काहीच नाही, शब्दाने घात केला. ॲप म्हणत होतं ‘बॅकअप झाला’. आपल्या भाषेत बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली दुसरी प्रत. पण बहुतेक फोटो-सेवा प्रत्यक्षात करतात ते सिंक, म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. सिंक म्हणजे आरसा. इकडे टिकली काढली की तिकडचीही निघते. फोनमधून पुसलं की वरचंही पुसलं जातं, कॉम्प्युटरमध्ये व्हायरसने फाइली खराब केल्या की खराब फाइली तत्परतेने वर चढतात. कचरापेटी ३० किंवा ६० दिवस सांभाळते, त्यानंतर काही नाही. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर ॲपमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय असतो, ‘जागा मोकळी करा’ अशा नावाचा. तो फक्त फोनमधली प्रत काढतो. साधं ‘हटवा’ दोन्हीकडचं काढतं. हा एवढा फरक आईला आधी सांगितला असता तर चार वर्षं वाचली असती, आणि तो सांगायचं काम माझं होतं.

मग मी स्वतः काय करते? क्लाउड वापरते, पैसे भरून वापरते, आणि पुराच्या गावातल्या माणसाने तो वापरलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण ती एकमेव प्रत असू देत नाही. छायाचित्रकारांमध्ये ३-२-१ अशी पद्धत रूढ आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आमच्याकडे दिवाळीची साफसफाई झाली की मी गूगलच्या टेकआउट या सोयीतून सगळं उतरवून घेते. फाइली मोठमोठ्या गठ्ठ्यांत येतात, कधी तयार व्हायला दिवस लागतो. फोटोंच्या तारखा सोबतच्या छोट्या वेगळ्या फाइलींमध्ये असतात, त्या कचरा समजून फेकू नका. हे सगळं एका हार्ड डिस्कवर जातं आणि ती डिस्क मावशीकडे. मावशी आता दुसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या वर्षीची डिस्क परत आणते, आणि आणल्यावर त्यातले पाच-सहा फोटो, एखादा व्हिडिओ खरोखर उघडून बघते. एकदा व्हिडिओ उघडलाच नाही, डिस्क मरायला टेकली होती. वेळेत कळलं.

आधार, पॅन, मालमत्तेचे कागद यांच्या प्रती फोटोंच्या गर्दीत ठेवत नाही. सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर आहे. तिथे आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका थेट देणाऱ्या खात्याकडून येतात आणि कायद्याने त्या मूळ कागदाइतक्याच ग्राह्य धरल्या जातात, म्हणून मोबाइलने काढलेल्या तिरक्या फोटोची गरजच उरत नाही. बाकीचे खासगी कागद, वैद्यकीय रिपोर्ट, करारनामे क्रिप्टोमेटरच्या पेटीत. त्या पेटीचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातलाय, आणि पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

एक काम राहिलं होतं, ते या वर्षी केलं. माणूस गेल्यावर खात्याचं काय, हे बोलायला कोणालाच नको वाटतं. पण बँकेत नॉमिनी लावतो तसं इथेही लावता येतं. ॲपलमध्ये वारसदार संपर्क नेमता येतो. गूगलमध्ये ठराविक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही निवडलेल्या माणसांना कळवून त्यांना फाइली देण्याची सोय आहे, आणि सोबत त्यांच्यासाठी निरोपही लिहून ठेवता येतो. आईच्या खात्यावर हे करताना तिने ताईचं नाव दिलं, मुदत सहा महिने ठेवली. निरोपात काय लिहायचं यावर दोन दिवस विचार केला. शेवटी एकच ओळ सांगितली, मी टाइप केली: गुलाबी फोल्डरमध्ये पाककृती आहेत, आणि नाव नसलेल्या फोल्डरमध्ये तुझ्या बाबांची पत्रं.